पगारे भाऊंची सकाळची तपासणी

थांबलेलं काळीज शॉक देऊन पुन्हा चालू करणारं एक यंत्र असतं. त्या यंत्राला मी एकदा हळदीकुंकू वाहिलं. नुसतं वरून वाहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण त्याच्या आत एक चंदेरी पाकीट असतं, सीलबंद, आणि त्यात छातीला चिकटवायच्या दोन पट्ट्या असतात. बंद पाकिटाची पूजा कशी करायची, असा मला प्रश्न पडला. म्हणून मी कात्रीनं पाकीट कापलं, पट्ट्या बाहेर काढल्या, चिकट बाजूवरचा प्लॅस्टिकचा कागद सोलला आणि त्या बाजूवर हळद, कुंकू आणि अक्षता वाहिल्या. अक्षता इतक्या छान चिकटल्या की मला कौतुक वाटलं.

हे मी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी केलं. सोळाव्या वर्षी केलं असतं तर आज सांगताना हसता तरी आलं असतं.

मी तेव्हा नाशकातल्या एका अग्निशमन केंद्रात भांडारपाल होते. केंद्र नदीकडच्या भागात, रस्ता ओलांडला की फुलबाजार. दोर, पाइप, गमबूट, कुऱ्हाडी, शिड्या, आगीत आणि पुरात जे जे लागतं ते सगळं माझ्या कुलपाखाली. त्या वेळच्या कोठावदे मॅडम तुम्हाला भेटल्या असत्या तर तुम्ही लांबूनच नमस्कार केला असता. कळवणच्या वाण्याची पोर, कमरेला चाव्यांचा जुडगा, नाकावर चष्मा आणि हातात लाल पेन. माझ्या मते सगळ्यांत चांगली वस्तू म्हणजे जी प्लॅस्टिकमध्ये आली आणि प्लॅस्टिकमध्येच राहिली. माझ्या घरी टीव्हीच्या रिमोटला पिशवी होती, सोफ्याला कव्हर होतं आणि त्या कव्हरावर चादर होती. कोणी दोर मागायला आलं की मी विचारायची, "कशाला हवाय?" आग विझवणाऱ्या माणसाला.

पगारे मला तेव्हा आवडत नसत. हेही सांगून टाकते.

ते बचाव गाडीवर लीडिंग फायरमन होते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बुटके, रुंद खांद्यांचे, केसांना पाणी लावून सरळ भांग. शर्टाच्या खिशात पेन असायला हवं तिथे दाढीचं स्वस्तातलं रेझर खोचलेलं. पेन कानावर. बोलणं कमी, पण बोटं गप्प नसत. टेबल दिसलं, गाडीचं बॉनेट दिसलं, माझ्या खिडकीची फळी दिसली, की उजव्या हाताची दोन बोटं त्यावर टकटक टकटक चालू. एकाच लयीत. मला वाटायचं, ढोल पथकात असणार. मिरवणुकीचं खूळ डोक्यात राहिलं असणार.

केंद्रात मी सगळ्यांना भाऊ म्हणायची. ड्रायव्हर सोनवणे भाऊ, टेलिफोनवरचे शेख भाई, झाडणारे गांगुर्डे भाऊ. फक्त पगाऱ्यांना मी पगारे म्हणायची. का, ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. दुपारी चहा यायचा. सगळ्यांचे कप गांगुर्डे भाऊ धुवायचे. पगारे आपला कप आपणच धुऊन कडेला वेगळा पालथा घालायचे. मी कधी "राहू द्या" म्हटलं नाही. मला ते टापटिपीचं वाटायचं.

ते यंत्र आम्हाला एका मंडळानं भेट दिलं होतं. छोटा कार्यक्रम झाला, नारळ, शाल, फोटो. कागदावर त्याचं नाव एईडी. आमच्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, लाल डबा. फोटो झाल्याबरोबर मी डबा उचलला आणि माझ्या लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर, धुतलेल्या पिशवीत घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या फळीवर टकटक.

"ताई, डबा गाडीत हवा."

"कपाटात सुरक्षित आहे."

"कपाटाची किल्ली कोणाकडं असते?"

"माझ्याकडे."

"संध्याकाळी सहानंतर?"

"माझ्याचकडे. घरी."

"मग सहानंतर ज्याचं हृदय बंद पडंल त्याला सांगू का, सकाळी दहाला या म्हणून?"

मागे सोनवणे भाऊ हसले. मला राग आला. रागाच्या भरात मी कपाट उघडलं, डबा काढला आणि पगाऱ्यांची सही घेतली. ताबा पगारे. तारीख, वेळ, सगळं. माझं अक्षर तेव्हा फार सुंदर होतं.

डबा मिळाल्यापासून पगाऱ्यांनी केंद्राचा जो छळ मांडला तो ऐकण्यासारखा आहे. त्यांनी सिमेंटच्या गोणीत चिंध्या भरून एक माणूस तयार केला. जुना खाकी शर्ट घातला, वर नारळाचं डोकं बांधलं. त्याचं नाव ठेवलं साहेब. रोज सकाळी साहेबांचं हृदय बंद पडायचं आणि रोज दोघांनी त्यांना वाचवायचं. पगारे मध्ये उभे राहून टाळी वाजवत लय धरायचे, तीच ती बोटांची लय. तेव्हा मला कळलं की ते ढोलाचं खूळ नव्हतं. छाती किती वेगानं दाबायची तो वेग तो माणूस दिवसभर बोटांत सांभाळत होता, विसरू नये म्हणून.

"अजून जोरात, सोनवणे. साहेबांची छाती आहे, लाजायचं काय?"

"साहेब म्हटल्यावर जोर आपोआप येतो," सोनवणे भाऊ म्हणायचे, आणि खरंच असे दाबायचे की नारळ उडायचा.

डब्यातून बाई बोलायची. झाकण उघडलं की हिंदीत सांगायची, आता हे करा, आता ते करा, आता कोणी हात लावू नका. पगाऱ्यांनी ते सगळं मराठीत लिहून झाकणाच्या आतून चिकटवलं. घाबरल्यावर माणसाला आपलीच भाषा कळते, म्हणाले. रेझर, टॉवेल आणि कात्री ही त्यांची त्रिमूर्ती. छातीवर केस असले तर पट्टी चिकटत नाही म्हणून रेझर. घाम असला तर चिकटत नाही म्हणून टॉवेल. शर्टाची बटणं काढत बसायला वेळ नसतो म्हणून कात्री. केंद्रातले लोक त्यांना न्हावी म्हणायचे. रेझरची मागणी त्यांनी माझ्याकडे केली होती. मी लाल पेनानं लिहिलं, "खासगी वापराची वस्तू. नामंजूर." मग ते टपरीवरून स्वतः आणायचे.

लोक मनातून घाबरत होते, ते पगाऱ्यांना कळत होतं. एकदा शेख भाईंनी विचारलंच, "पगारेजी, गलत आदमी को करंट लग गया तो? मर गया तो हम पर केस."

पगारे म्हणाले, "डबा स्वतःच तपासतो, मगच शॉक देतो. नको असंल तर देतच नाही. आणि भाई, तो आधीच गेलेला असतो. तुम्ही चुकलात तर आहे तिथंच राहील. बघत बसलात तरी आहे तिथंच राहील. मग हात लावून बघायला काय जातं?"

हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवायचे. मलाही ऐकवलं होतं. "ताई, या ना एकदा. साहेबांना तुमचाही हात लागू द्या." मी म्हणाले, "मी स्टोअरची माणूस, मला काय करायचंय." साडी सावरून गुडघ्यावर बसायचं, तेही सगळ्यांपुढे, आणि पगाऱ्यांनी मला शिकवायचं. यातलं नक्की काय मला नको होतं ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

महिनाभरानं त्यांनी पट्ट्यांच्या दुसऱ्या जोडाची लेखी मागणी केली. पट्ट्या एकदाच वापरता येतात, एकदा पाकीट उघडलं की सुकून जातात, म्हणून एक जोड जादा हवा. मी लाल पेनानं विचारलं, "पहिला जोड वापरलेला नसताना दुसरा कशासाठी? खुलासा करावा." त्यांनी खुलासा केला, तीच दोन वाक्यं पुन्हा लिहून. मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणजे बघा, पाकीट उघडलं की पट्ट्या सुकतात, हे मला लेखी कळवलेलं होतं. दोनदा.

आता दसरा.

अग्निशमन केंद्रातला दसरा म्हणजे शस्त्रांची पूजा. पहाटे गाड्या धुवायच्या, पुढे सतरंजी अंथरायची, तिच्यावर कुऱ्हाडी, हुक, पाइपचे नोझल, हेल्मेटं मांडायची, समोरच्या बाजारातून आणलेले झेंडूचे हार घालायचे. ही मांडणी माझी. वर्षभर कपाटात कोंडलेल्या वस्तू त्या एका दिवशी मी हौसेनं उन्हात काढायची.

पगारे दिवाळीला सुट्टी घ्यायचे नाहीत, गणपतीला नाहीत, दुसऱ्यांच्या ड्यूट्या ते करायचे. फक्त दसऱ्याला सकाळी दोन तास मागायचे. त्यांच्या कॉलनीतली माणसं पांढरे कपडे घालून लेण्यांवर वंदनेला जायची, ते आणि त्यांची बायको त्यांच्याबरोबर जायचे. त्या वर्षी निघताना ते खिडकीशी आले.

"ताई, माझ्या गाडीलाही हार घाला. चांगला जाड घाला. फक्त डब्याला हात लावू नका."

बस, एवढंच म्हणाले. हसून म्हणाले.

ते गेले आणि माझ्या मनात किडा वळवळायला लागला. कुऱ्हाडीला हळदीकुंकू चालतं, गाडीला चालतं, यांच्या डब्याला नाही चालत. आमच्या पूजेचा यांना विटाळ होतो की काय. विटाळ हा शब्द माझ्याच डोक्यात आला, त्यांच्या नव्हे. हे कळायला मला पुढची कित्येक वर्षं लागली. तेव्हा एवढंच वाटलं, भांडारपाल कोण, मी का ते? मी गाडीतून डबा काढला, सतरंजीच्या मधोमध ठेवला, झाकण उघडलं, आणि मग जे केलं ते वर सांगितलंच आहे. अक्षता चिकटवल्या. हार घातला. मागे सरकून बघितलं. सगळ्यांत देखणा डबाच दिसत होता.

नऊ-साडेनऊला बाजारातला एक हमाल पळत आला. फोनवर वर्दी आलीच नाही, रस्ता ओलांडून माणूसच आला. "झेंडूवाला पडलाय. हलत नाय. चला लवकर."

त्याच क्षणी पगारे फाटकातून आत येत होते, पांढरा शर्ट, पांढरी पँट. त्यांनी एकदाच विचारलं, "श्वास?" हमाल म्हणाला, "नाय." पगारे सतरंजीकडे धावले. तोवर मी पट्ट्या उचलून डब्यात कोंबल्या होत्या आणि झाकण दाबून बसवलं होतं. मी डबा त्यांच्या हातात दिला. "पाकीट फोडलंय" एवढे दोन शब्द बोलायचे होते. एका श्वासाचं काम.

मी म्हणाले, "हार काढू का?"

ते डबा घेऊन पळाले. हार फाटकाशी पडला.

मीही मागोमाग गेले. गेले नसते तर बरं झालं असतं असं पुष्कळदा वाटतं, पण गेले. क्रेट, पोती, झेंडूचे ढीग आणि मध्ये चिखलात उताणा पडलेला मखमलाबादकडचा एक शेतकरी, पन्नाशीचा. शेजारी त्याची बायको. सोनवणे भाऊंनी छाती दाबायला सुरुवातही केली होती, साहेबांची दाबायचे तशीच, हसू सोडून. पगाऱ्यांनी कात्रीनं शर्ट कापला, टॉवेल फिरवला, रेझरचे दोन हात मारले. किती सेकंद गेले असतील? रोजचं होतं ते त्यांच्या हाताला. मग झाकण उघडलं.

त्यांनी पट्ट्या उचलल्या आणि क्षणभर नुसत्या बघितल्या. हळद, कुंकू, तांदूळ, आणि वर झेंडूची एक पाकळी. माझ्याकडे बघितलं नाही. टॉवेलनं घासलं, छातीला लावलं. एक पट्टी धरली, दुसरी निसटली. पुन्हा घासलं, पुन्हा लावली, तळव्यानं दाबून धरली. डब्यातली बाई हिंदीत तेच ते सांगत होती, पट्ट्या नीट लावा, पट्ट्या तपासा. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

त्या माणसाची बायको म्हणाली, "भाऊ, ते काय मागतंय? काय पायजे त्याला? मी आनते ना."

पगारे म्हणाले, "काही नाही, ताई. तुम्ही त्यांचं नाव घेत राहा." आणि डबा बाजूला सारून ते छातीवर वाकले. एक, दोन, तीन, चार. सोनवणे भाऊ दमले की पगारे, पगारे दमले की सोनवणे भाऊ. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. दसऱ्याचा बाजार, रस्ता फुलांच्या टेम्पोंनी भरलेला, ती यायला वेळ लागला. त्यांच्याकडे त्यांचं यंत्र होतं, कोऱ्या पट्ट्या होत्या. लावल्या. शॉकही दिला. माणूस दुपारी दवाखान्यातच वारला.

पाकीट बंद असतं तर वाचला असता का? मी पुढे एका डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून. ते म्हणाले, "सांगता येत नाही. पण पहिल्या काही मिनिटांत शॉक मिळणं, यासारखं दुसरं काही नाही." मी थँक्यू म्हणून उठले.

चौकशी झाली. साहेबांनी, म्हणजे खऱ्या साहेबांनी, सगळ्यांचे लेखी जबाब घेतले. माझा जबाब मला आजही तोंडपाठ आहे. "सदर यंत्र घटनेच्या वेळी श्री. पगारे यांच्या ताब्यात होते. ताब्याबाबत त्यांची सही आहे." एक अक्षर खोटं नव्हतं. इतका खरा आणि इतका नीच कागद मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही. लिहून झाल्यावर ड्रॉवरमधला तो जादा पट्ट्यांच्या मागणीचा कागद काढला आणि फाडला. त्याची एक प्रत पगाऱ्यांकडे असणार हे मला माहीत होतं, ते प्रत्येक कागदाची प्रत ठेवत. आठ दिवस मी ती बाहेर येण्याची वाट बघत होते. ती प्रत त्यांनी काढली नाही.

त्यांचा जबाब दोन ओळींचा होता. "सुट्टीवरून परत आल्यावर मी यंत्र उघडून पाहिले नाही. पाहायला हवे होते."

साहेबांनी माझ्यासमोरच विचारलं, "पाकीट कोणी फोडलं?"

पगारे म्हणाले, "मी पाहिलेलं नाही, साहेब."

"पूजेत कोणीतरी हात लावला असेल. तुमच्या ताब्यातली वस्तू पूजेत गेलीच कशी?"

मी माझ्या चाव्यांकडे बघत होते. किती चाव्या आहेत ते तेव्हा पहिल्यांदा मोजलं. सतरा.

पगाऱ्यांना बचाव गाडीवरून काढलं आणि टेलिफोनवर बसवलं. ज्या माणसाची बोटंसुद्धा एका जागी राहत नसत त्याला खुर्ची दिली. आणि हुकूम निघाला की यापुढे डब्याची रोजची तपासणी भांडार विभागानं करावी. म्हणजे मी. देवाला विनोदाची आवड आहे असं मी म्हटलं असतं, पण त्या काळात मी देवाशीही फार बोलत नव्हते.

पहिल्या दिवशी सकाळी मी डबा पुढ्यात घेऊन बसले होते, शेजारी सही करायची वही. खिडकीच्या फळीवर टकटक.

"ताई, बघायचं का?"

त्यांना यायची काही गरज नव्हती. त्यांचं काम फोनवर होतं. पण ते आले आणि त्या दिवसापासून मी निवृत्त होईपर्यंत, चार वर्षं, ड्यूटीच्या रोज सकाळी आले. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली.

"दिवा?"

"हिरवा."

"पाकीट?"

"बंद."

"दुसरं पाकीट?"

"आहे. तेही बंद." आता मी दोन काय, मागितली असती तर दहा मंजूर केली असती.

"रेझर, टॉवेल, कात्री?"

"आहे."

मग ते थोडं थांबत. बोटं फळीवर थांबलेली. आणि म्हणत, "आणखी काही?"

मी म्हणायची, "काही नाही."

"बरं," म्हणत, आणि फोनकडे परत जात.

पहिल्या वर्षी मला वाटलं, हा माझ्यावर लक्ष ठेवतोय. दुसऱ्या वर्षी वाटलं, सवय. साहेबांच्या छातीवर हात ठेवायला मी त्याच वर्षी शिकले. कोणी नसताना त्यांनीच शिकवलं. गुडघ्यावर बसायला लाज वाटली नाही. पुष्कळ मोठी लाज आधीच आत बसलेली असली की किरकोळ लाजेला जागा उरत नाही. दाबताना दम लागला की ते म्हणत, "ताई, मनात मोजू नका, मोठ्यानं मोजा. ज्याला मोजलेलं ऐकू येतं तो थांबत नाही." पण मी त्यांना भाऊ म्हणाले नाही. जीभ वळायची आणि परत फिरायची. ज्याचं एवढं वाईट केलं त्याला भाऊ कुठल्या तोंडानं म्हणणार.

माझ्या निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी विचारलं. "आणखी काही?" खाली हारतुरे तयार होते, साहेब भाषणाला खोळंबले होते. मी म्हणाले, "काही नाही." ते म्हणाले, "बरं." आणि पहिल्यांदाच हात जोडले.

त्यानंतर आठ वर्षं मी बरी होते. म्हणजे तसं म्हणायची. दसऱ्याचा झेंडू मात्र लांबच्या बाजारातून आणवून घ्यायची. घरी सांगायची, तिकडचा टवटवीत असतो.

गेल्या महिन्यात माझी नात मुक्ता कॉलेजातून घरी आली. कॉलेजात कुणीतरी छाती दाबायचं आणि मशीन लावायचं शिकवून गेलं होतं. "आजी, एक म्हातारे आजोबा होते. खिशात रेझर. गोणीचा माणूस घेऊन आले होते, नारळाचं डोकं. त्याला साहेब म्हणत होते. हसून हसून पोट दुखलं."

मी भाजी निवडत होते. तशीच निवडत राहिले.

"आणि आजी, ते म्हणाले, पट्ट्यांचं पाकीट आधी कधी उघडू नका. एके ठिकाणी म्हणे कोणीतरी ते उघडून हळदीकुंकू लावलं होतं. सगळे इतके हसले."

"तू पण हसलीस?"

"मग काय. किती येडचाप माणूस असेल."

"कोणी लावलं, ते सांगितलं का त्यांनी?"

"एका पोरानं विचारलं. ते म्हणाले, ते सोडा, चूक माझी होती, मी उघडून बघितलं नाही."

मी मुक्ताला म्हणाले, "तो येडचाप माणूस तुझी आजी." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. माझ्या चेष्टांची तिला सवय आहे. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, हार काढू का पर्यंत. ती हसायची थांबली. मग म्हणाली, "त्यांना सांगितलंस?" मी नाही म्हणाले. तिनं मला काही सुनावलं नाही, नुसती रिक्षा बोलावली. ही आजकालची मुलं अशीच असतात. भाषण देत नाहीत, रिक्षा बोलावतात.

पगाऱ्यांची कॉलनी मी बावीस वर्षांच्या नोकरीत एकदाही बघितली नव्हती. विहाराच्या अंगणात पाच-सात बाया गोल करून बसल्या होत्या, मध्ये साहेब आडवे. नवा शर्ट, नवा नारळ. पगारे पार वाळले होते, खांदे तेवढे तसेच रुंद. केस सगळे पांढरे, पण पाणी लावून भांग. टाळी वाजवत होते. मला बघून थांबले नाहीत, एका हातानं बसा म्हणाले. एक बाई दाबता दाबता थकली तर म्हणाले, "मोठ्यानं मोजा, मावशी." मीही बसल्या जागी मोजायला लागले, मोठ्यानं.

बाया गेल्यावर पगाऱ्यांच्या बायकोनं चहा आणला. आम्ही अंगणातच बसलो, साहेब आमच्या पायाशी. इकडची तिकडची चौकशी झाली. सोनवणे भाऊ गेले, शेख भाई मुलाकडे असतात. चहा संपला तसा पगाऱ्यांनी सवयीनं आपला कप उचलला, धुवायला म्हणून. मी तो त्यांच्या हातातून घेतला. नळाशी जाऊन दोन्ही कप धुतले आणि एकमेकांना लागून पालथे घातले. ते बघत होते.

मी परत येऊन बसले. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालू होती. मी म्हणाले, "पगारे भाऊ, त्या दसऱ्याला ते पाकीट मी कापलं होतं. डबा देताना मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. आणि तुमचा मागणीचा कागद मी फाडला."

बोटं थांबली. त्यांनी वाकून साहेबांच्या शर्टाची कॉलर नीट केली. मग म्हणाले, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं, ताई. डबा देताना तुमच्या बोटांना हळद होती. तुम्ही कधीतरी सांगाल म्हणून रोज सकाळी खिडकीशी येत होतो. डबा तर मी एकटाही बघितला असता."